पंख्यामागचा स्वीच

नाई नाई ताई, हॉलचं बुकिंग आरती पाहाते, तिचं टेबल तिकडं— काय? लग्न नाई? अकोल्याहून आल्या? गिझर पाहाले? तुमी? ... बरं बरं, माफ करा मॅडम. फोनवर म्या माणूस पाठवा म्हणलं होतं, म्हणून जरा... नाई, तसं नाई ओ, आमची पोट्टी बी बीएस्सी हाये. या. चहा घेता? आधी मशीन? बरं, मशीन तर मशीन. पण मशीन पाह्याच्या आधी मले इचारा— जानराव ढोक माह्यं नाव, बडनेरा रोडवरचं हे मंगल कार्यालय बारा वर्षांपासून मी चालवून राहिलो, अन् या मशीनची नस न् नस मले पाठ हाये.

हे पाहा. तीनशे लिटरची टाकी, खाली गॅसचा बर्नर, अन् हा डबा म्हणजे कंट्रोल. लोकाईले वाटते बटन दाबलं का पाणी तापलं. असं नसते ना! हे तहसील हाये मॅडम, तहसील. पाणी थंड झालं का थर्मोस्टॅट अर्ज करते. अर्ज जाते पंख्याकडं. पंखा फिरते, जळलेली हवा धुराड्यातून बाहेर फेकते. त्या पंख्यामागं एक बारका स्वीच बसेल हाये, तो पाहाते का हवा खरंच बाहेर गेली का नाई. गेली, तरच त्याची सही. मंग ठिणगी, मंग गॅस, अन् मंग ही काडी पाहाते ज्योत लागली का. नाई लागली तर गॅस बंद. एकाची सही नसन तर दुसरा पेनच उचलत नाई... बरोबर सांगून राहिलो? सांगणारच! पुस्तक वाचलं ना म्या. म्हणजे— शकुननं वाचलं. माही बायको. मशीनसंगं मराठी पुस्तक आलं होतं, तिनं पेन्सिलीनं खुणा करकरून वाचलं, अन् जेवाले बसलं का मले सांगे. म्या आयकलं. आयकणं बी सोपं नाई मॅडम, लय बोलते ती.

आता तक्रार लिहून घ्या. तुमच्या कंपनीनं माल खराब देल्ला. ज्योत पह्यले निळी होती, आता पिवळी झाली. अन् ही भिंत पाहा, काळीकुट्ट! दिवाळीले रंग देल्ला होता. ... कधीपासून? एक महिना झाला असन. त्याच्या आधी तर मशीन सुरूच नाई होये— पंखा फिरे, फिरे, अन् ठिणगीच नाई. तिकडं नवरदेवाचे काका टॉवेल गुंडाळून उभे, "मॅनेजर, पाणी!" आपला माणूस मेळघाटात वाघाले भेत नाई तेवढा लग्नघरी थंड पाण्याले भेते. शकुन म्हणे, धुराडं पाहा. म्या म्हणलं, धुराड्याले काय धाड भरली? ... नाई, बंद नाई केलं ओ. झाकलं फक्त. म्हणजे असं झालं, वरूडच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या पोरीचं लग्न होतं. तो ड्रोनवाला म्हणे, भाऊ, नवरा-नवरीच्या मंधातून धुराडं निघून राहिलं! आता लॉनवर पाइप दिसते त्याले मी काय करू? मंग डेकोरेशनवाल्याकडून फायबरचा हंस बनवून घेतला अन् देल्ला वरून बसवून. भल्ला सुंदर दिसते! आता ज्याले त्याले त्या हंसाखालीच फोटो पाह्यजे.

अन् मशीन सुरू कशी झाली? हे तुमी कंपनीत सांगू नका. नितेश वायरमन आला, म्हणे भाऊ, हा पंख्यामागचा स्वीच सही करून नाई राहिला. म्हणलं, सायब सही करत नसन तर आपण काय करतो? बाजूनं जातो! इतकुसा लाल वायर लावला, दोन टोकं जोडले— भकभक पाणी! तेव्हापासून सात लग्नं काढले, एक वऱ्हाडी बोंबलला नाई... तुमी माह्याकडं असं काहून पाहून राहिल्या?

हो, वायर अजून हाये. हो, सकाळपासून सुरूच हाये, अकराले साक्षगंध हाये ना. या भिंतीच्या तिकडं? आमची खोली. नाई, तठी पाहुणे नाई, शकुन असते. तिचं काय इचारता, आठ रोज झाले डोकं धरून बसते. मळमळ. परवा चक्कर येऊन मोरीत पडली. डॉक्टर म्हणे अशक्तपणा. म्या म्हणलं उपास कमी कर. अन् नवल आयका, लॉनवर येऊन बसली का चांगली राहाते, खोलीत गेली का पुन्हा तेच! म्या तर म्हणलं, कामाच्या टायमाले बरं दुखते तुह्यं... आता? आता झोपेल हाये. जनरेटरचा आवाज येते म्हणून म्याच खिडकी लावून—

अवो मॅडम! गॅसचा कॉक काहून बंद केला? पाहुणे येऊन राहिले! ... कुठी पळता? काय? काय म्हणल्या? जळलेली हवा खोलीत?

ढकला! दार ढकला, जोरानं, कडी ढिली हाये! शकुन! शकुन वं! उठ! ... आरती, धाव! पाय धर तिचे! नाई, पंखा नको, बाहेर, बाहेर न्या म्हणते मॅडम, लॉनवर... सरका तुमी, मी उचलतो. मान पडून राहिली तिची. मॅडम, मान पाहा ना. शकुन, अवं बोल ना काई. शिव्या दे.

श्वास हाये? हाये म्हणता? गाडी बलावली आरतीनं? ... हालली! बोट हाललं, म्या पाह्यलं. डोळे उघडले. शकुन, मी हाव. मी. काई नाई झालं तुले, घाबरू नको. मोठ्या दवाखान्यात नेतो, ऑक्सिजन लावतात म्हणते. हे मॅडम हायेत, अकोल्याच्या. त्याईनंच... थांब, मी सांगतो तुले काय झालं थे, लय बारीक गोठ होती—

काय म्हणते? जोरानं बोल, आयकू नाई आलं.

"तुमी नका सांगू."

... बरं. मॅडम, तुमी सांगा तिले. नाई, मी नाई बोलत. मी जातो, थो हंस काढतो.