दगडातला मासा

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटी दगडाच्या खाणीतून आली होती. केसांत अजून भुकटी होती.

"ताई, मी मशीनला आडवी गेले. म्हटलं, हा दगड फोडायचा नाही."

"वेडी की काय! मुकादमानं घरी बसवलं असतं."

"बसवलंच होतं. मग मीच लगेच संग्रहालयात फोन केला. त्यांनी येऊन दगड नेला, तेव्हा कुठे मुकादमानं परत कामावर घेतलं. अगं, दगडात अख्खा मासा होता, काटा न् काटा दिसणारा!"

"दगडात मासा कुठून येईल?"

"तिथे पूर्वी तळं होतं म्हणे. मासा मेला, तळाशी गेला आणि कुणी खायच्या आत गाळाखाली गाडला गेला. वर थरावर थर बसले. गाळाचा दगड झाला, आणि पाण्यातले क्षार मुरून हाडांचाही. जीवाश्म म्हणतात त्याला."

"मग?"

"आज संग्रहालयातल्या बाई मासा तपासून परत खाणीवर आल्या. या जातीचा मासा आजवर कुणालाच सापडला नव्हता! मुकादमासमोर म्हणाल्या, संग्रहालयात माशाखालच्या पाटीवर शोधणाऱ्याचं नाव लागेल."

"नवऱ्याचं सांगितलंस?"

"का? मासा त्याला दिसला होता? माझं सांगितलं."

ताई गर्रकन रांगेकडे वळली.

"अहो, ऐकलंत का? ही माझी सख्खी बहीण आहे!"