क्रिसमसच्या झाडातली तार

नाई ताई, हे नाई घेत आमी. बाकी कबाड घेतो, पण हे क्रिसमसचं झाड नाई — अन् हळू बोला जरा, बुढा आत झोपला हाये. प्लास्टिक हाये तं कावून नाई, म्हणता? हे पाहा — हे हिरवे पत्ते तारेत असे पिळून घातले हायेत का बोटानं एकही निघत नाई. प्लास्टिकवाला म्हणते तार काढ, लोखंडवाला म्हणते प्लास्टिक काढ. मंग काय करतेत? जाळतेत. पत्ते जळले का तार मोकळी. कोण जाळते? आमचा बुढाच जाळे, मागच्या अंगणात, आणखी कोण! काळा धूर, घशात चिकटते, भात बी कडू लागते. मी म्हणो, अजी, तोंडाले फडकं तरी बांधा. तं म्हणे, रसमड्याच्या लोखंड कारखान्यात भट्टीपुढं जिंदगी काढली म्या, हे खेळण्यातलं झाड मले काय करते! आता भिंत धरून चालते. डॉक्टरनं मले बाजूले नेऊन सांगितलं का छाती कामातून गेली, आता एक बार बी धूर गेला तं — जाऊ द्या. त्याले नाई सांगितलं म्या. पोराले बी नाई. तुमाले कावून सांगून राहिली कोण जाणे. अन् तो ऐकते का? बायकोच्या कमाईचं खाणं झोंबते त्याले. माल आला का उठते. माचिस लपवली तं शेजारून मागून आणली!

तुमी खरं झाड आणलं, कुंडीतलं, पर्यावरणासाठी — चांगलं केलं. पण मे महिन्यात नेहरू नगरात ते जगन का? वाळन. हे तं मरतच नाई, तेवढाच याचा गुण हाये. मंग घरी न्या, दरसाल हेच लावा, तुमच्या नातवायनं बी हेच लावावं. कचऱ्यात नका टाकू ताई, तिथं बी कोणी जाळनच, पोट त्याले बी हाये. अवं, खाली नका ठेवू, लोखंडी पाय वाजन त्याचा —

उठला. कावून उठले जी तुमी? माल नाई तो. ह्या ताई झाड घरी घेऊन जाऊन राहिल्या, सजवाले. सुतळी मागाले थांबल्या, स्कूटीवर बांधाले. हो ना ताई? — माचिस ठेवा जी खाली, विकायचंच नाई त्यायले! — ताई, बोला ना. हो म्हणा. उचला ते अन् जा.