न वाचता दाबलेलं बटण

भोसरीच्या स्टॉपवर कंपनीच्या बसच्या रांगेत माझ्यामागे दोन ऑपरेटर बोलत होते.

"सनी, डबा कुठंय तुझा?"

"घरीच ठेवला. आईनं केला होता, उचलायची लाज वाटली."

"आईनं? तिला तर गुडघ्यांमुळं उभं राहवत नाही ना?"

"रविवारी मी वृद्धाश्रम शोधत होतो. माझा मोबाईल चार्जिंगला होता, म्हणून तिचाच घेतला."

"तिच्याच मोबाईलवर शोधलास?"

"नुसतं बघत होतो रे. माझी आणि बायकोची, मिनलची, शिफ्ट एक आली की आई दिवसभर एकटी असते. प्रत्येक साइट कुकीजचं, तुमची माहिती घेऊ का म्हणून विचारायची, मी सगळं मान्य करत गेलो."

"वाचायचं तरी!"

"मशीनवर अलार्म आला की तू वाचतोस? रिसेटच दाबतोस ना?"

"मग काय झालं?"

"ती मोबाईलवर बुद्धवंदना लावायला गेली, की आधी जाहिरात यायची. 'तुमच्या आईला आमच्याकडे सोपवा.'"

"अरे, आता कायदा आलाय. दिलेली संमती मागे घेता येते. सेटिंगमध्ये जाऊन सगळं पुसून टाक."

"कालच पुसलं."

"मग संपलं की! जाहिरात कुणामुळं आली, हे तिला काय कळणार?"

"पण परवापासून ती मिनलच्या आधी उठते आणि ओट्याशी उभी राहून माझा डबा करते."

"आणि गुडघे?"

"मी विचारलं. म्हणाली, 'आता अजिबात दुखत नाहीत रे.'"