काडेपेटीतला खडा

नवरा : सोड मला, त्या डॉक्टरला जाब विचारूनच येतो. तीन वर्षं आत नळी राहते आणि यांना पत्ता नाही? माणूस आहे की छत्री, विसरून जायला?

बायको : अहो, हळू. शेजारच्या खाटेवरच्या आजींचा आत्ता कुठे डोळा लागलाय. बसा आधी.

नवरा : बसू काय? किडनी गेली तुझी. नळीवर खडे साचून साचून नळीचाच दगड झाला, वाट बंद झाली म्हणाला. उद्या तीन भोकं पाडून अख्खी किडनीच काढणार. ते तेव्हाच सांगायला काय झालं होतं, की आत नळी ठेवलीय, काढायला या?

बायको : सांगितलं होतं.

नवरा : कुणाला?

बायको : मला. खडा फोडून काढला की आत सूज येते, लघवीची वाट बंद होऊ नये म्हणून नळी घालतात. महिन्याने काढायची. निघताना दोनदा बजावलं. तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात.

नवरा : मग मला का नाही बोललीस?

बायको : बोलणारच होते. घरी आलो तर तुम्ही माझ्या पाठीवरचं भोक बघून हसलात. म्हणालात, एवढंसंच? डास चावला तरी याहून मोठं उठतं. दुसऱ्या दिवशी मी आपली ओट्याशी उभी.

नवरा : अगं, थट्टा केली मी.

बायको : मीही हसलेच की. तुमच्या हर्नियाला टाके पडले, तेव्हा महिनाभर तुम्हाला तांब्या उचलू दिला नाही मी. टाके दिसत होते ना. माझं काही दिसतच नव्हतं. ऑपरेशन झालंय असं म्हणायचीसुद्धा मला लाज वाटायला लागली.

नवरा : असं कसं म्हणतेस? खड्याचे तुकडे मी अजून काडेपेटीत जपून ठेवलेत. येईल त्याला दाखवतो.

बायको : हो, खुळखुळ वाजवून. दुर्बीण कशी घातली, खडा आतल्या आत कसा फोडला, सगळं तोंडपाठ आहे तुमचं. खड्याचं फार कौतुक झालं हो. मला कसं वाटतंय, ते नाही कुणी विचारलं.

नवरा : बरं, चुकलं माझं. पण नळी काढायला तरी यायचंस. एकटी आली असतीस.

बायको : आले होते.

नवरा : कधी?

बायको : ठरल्या दिवशी. उपाशीपोटी, बसने. आत घेण्याआधी सिस्टरनी विचारलं, सोबत कोण आहे? म्हटलं, कुणी नाही. म्हणाल्या, एकट्या माणसाला भूल नाही देता येत. कुणाला तरी घेऊन या.

नवरा : मला फोन करायचास ना.

बायको : केला. छापखान्यात मशीन धडधडत होतं. तुम्ही म्हणालात, मान वर करायला फुरसत नाही, संध्याकाळी बोल. आणि संध्याकाळी जेवताजेवताच पेंगलात. म्हटलं, उद्या सांगू. उद्याचं परवावर गेलं. पुढे पाठ दुखायची, तर वाटायचं, कामाने भरून आली असेल.

नवरा : तीन वर्षं, अगं?

बायको : एकदा राहिलं की राहूनच जातं. आणि खरं सांगू? मनात एक अढी बसली होती. म्हटलं, आपण होऊन नाही सांगायचं. बघू, कधी विचारतात, पुढे काही करायचंय का गं म्हणून. तुमच्याशी पैजच लावली होती, तुम्हाला न सांगता.

नवरा : आणि मी हरलो.

बायको : हरले मीच. किडनी माझी होती.

नवरा : रडू नकोस.

बायको : मी कुठे रडतेय? तुमचेच डोळे पुसा.

सिस्टर : (पडदा सारून) ताई, उद्या पहिला नंबर तुमचा. रात्री बारानंतर पाणीसुद्धा प्यायचं नाही. सोबत कोण आहे?

नवरा : मी आहे.

सिस्टर : मग काका, सकाळी लवकर या.

नवरा : मी जातच नाही.

सिस्टर : बायकांचा वॉर्ड आहे हा. बाहेर बाकावर बसावं लागेल.

नवरा : बसतो. सिस्टर, हिला टाके किती पडतील?

सिस्टर : अगदी बारीक, काळजी करू नका. थोड्या दिवसांनी दिसायचेसुद्धा नाहीत.

नवरा : दिसले तर बरं, सिस्टर.