येगळ्या चादरीवरचे पापड

आमी मूळचे कर्जतकडचे, पन मला समज आली ती नगरच्या बाहेर, केडगावच्या बाजूला, कॉलनीत. वडील वेल्डर हुते, त्यांनी तिथं दोन खोल्या बांधल्या. आजूबाजूला सगळी शेतकऱ्याघरची, नोकरीला आलेली मानसं, बौद्धाचं घर आमचं एकच. तोंडावर कुनी काय बोलायचं न्हाई हां, खोटं कशाला सांगू. पन आईनं चहा टाकते म्हनलं की शेजारच्या बाया म्हनायच्या, आत्ताच घेतला. इतकी वर्सं ऱ्हायलो तिथं, त्यांनी आपला आत्ताच घेतलेला असायचा.

तर उन्हाळ्यात बाया एकमेकींच्या घरी पापड लाटायला जायच्या, आज हिचे उद्या तिचे, आपापलं पोळपाट-लाटनं घेऊन. आई जायची, मी तिच्या मागं. आईचा पापड असा की त्यातून पलीकडचं दिसावं. मी तवा चौथीत. लाटलेले पापड गच्चीवर वाळत टाकायचं काम आमा पोरींचं. शेजारच्या काकू म्हनायच्या, तुझ्या आईचे त्या जुन्या चादरीवर टाक, कोपऱ्यात. मला वाटलं, आईचे सगळ्यात पातळ, म्हनून जपून येगळे ठेवत्यात. काय सांगू ताई तुम्हाला, मी अशी फुगले, अन् खाली येऊन भर बायांत म्हनले, आमच्या आईचे येगळे ठेवलेत, तेच भारी हायत. सगळ्या खाली मुंडी घालून लाटायला लागल्या. आई म्हनली, जा, खेळ जा. मग संगीनं, काकूंच्या पोरीनं, सांगितलं, अगं ते आमी खात न्हाई, भांडेवालीला देतो. तिच्या मनात काय वाईट न्हवतं, घरात बघितलं ते बोलली.

आमची पाळी आली तवा कुनीच आलं न्हाई. पीठ तर कुटून ठेवलेलं, मग आमी दोघींनीच पार दिवस मावळंपातूर लाटलं. मी आईला संगीचं सगळं सांगितलं, म्हनलं आता जाऊ नको त्यांच्यात. अन् ही दुसऱ्याच दिवशी पोळपाट काखेत मारून निघाली. लई राग आला मला. पुढं कितीतरी वर्सं मी तिला बिनलाजी समजत हुते, तुमच्यापाशी कबूल करते.

आता मी सुप्याला कंपनीत पॅकिंगला हाय, आई माझ्यापाशीच असती. परवा तिची येनी घालताना विचारलं, तुला कळत न्हवतं का गं आई?

ती म्हनली, लाट्या माझ्या पोळपाटावर वरून टाकायच्या, हात लागू नये म्हनून. मला कसं कळनार न्हाई? पन मी गेले नसते तर तुला त्यांच्या दारात कोन खेळू देनार हुतं?

अन् खरंच, दहावीपातूर संगी अन् मी एका जागी हुतो, एकलं बसायची पाळी मला आली न्हाई. मला रडू आलं तर म्हनती कशी, रडू नको, येनी वाकडी व्हईल. राग धरायचा तर त्या बायांवर धरायचा, ताई, अन् चाळीस वर्सं मी तो आईवर धरला.