बाबांची शेवंड

शेवंडीचं, म्हणजे लॉबस्टरचं नाव निघालं म्हणून सांगतो. आमचे बाबा मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात शेवंड भाजायचे. सुट्टीत गावी, खर्डीला आले की आई टोमणा मारायची, "तिकडं रोज शेवंड खाता, तुमची मजा हाय."

रिटायर झाल्यावर त्यांनी शेवंडीच्या शेपट्या आणल्या. अंगणात निखाऱ्यांवर बटर लावून भाजल्या. पहिली आईला वाढली, दुसरी स्वतः घेतली आणि डोळे मिटून चावत राहिले.

"पयल्यांदा खाल्ल्यासारखं काय करता?" आईनं विचारलं.

"पयल्यांदाच खातोय. तिथं ते गिऱ्हाइकाचं असायचं."

आईनं त्यांच्या हातातला चिमटा काढून घेतला. "तुमी बसा. बाकीच्या मी भाजते."

तिनं त्या पार करपवल्या. बाबांनी सगळ्या खाल्ल्या आणि म्हणाले, "हॉटेलात अशी कधी जमली नाय."