आधी चांगला डोळा

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या रुग्णालयाचे संचालक साहेब, व्यासपीठावरील विश्वस्त आणि पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो त्या बालनेत्र विभागाच्या प्रमुख आमच्या मॅडम, सहकारी, पालक, आणि एका डोळ्यावर पट्टी लावून पहिल्या रांगेत पाय हलवत बसलेले आमचे छोटे मानकरी, सर्वांना नमस्कार.

मी या विभागात मुलांची नजर तपासते. मला बोलायची सवय नाही, असं म्हणायची एक पद्धत असते. मला आहे, आणि मॅडमना तिचा पुरेसा त्रास झालेला आहे. आज गोड बोलायचं म्हणून मी लिहूनही आणलं होतं. पण माझ्याआधी अध्यक्षांनी दोन घोषणा केल्या. मॅडमनंतर आमची तपासणीची खोली चष्म्याच्या दुकानाला देणार, हे मी गिळलं. दुसरी घोषणा अशी, की मॅडमच्या संशोधनातल्या मुलांची गैरसोय नको म्हणून पट्ट्यांची पाकिटं यापुढे टपालानं घरी जातील, पालकांच्या खेपा वाचतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. का, ते सांगते. तेच माझं भाषण समजा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काही मुलांचा एक डोळा दिसायला ठणठणीत असतो, पण मेंदू त्याच्याकडे लक्षच देत नाही. दोन भावांतला एकच राबतो आणि दुसऱ्याला कोणी हाकही मारत नाही, तसं. त्याला आपण आळशी डोळा म्हणतो. मग राबणाऱ्या डोळ्यावर पट्टी लावायची, म्हणजे दुसऱ्याला हातपाय हलवावे लागतात. रोज किती वेळ लावली म्हणजे पुरे, एवढाच मॅडमच्या संशोधनाचा प्रश्न. चिठ्ठ्या टाकून काही मुलांना थोडे तास दिले, काहींना जास्त.

त्यात एक मुलगी होती. वाक्यागणिक ‘का?’ विचारायची, म्हणून आम्ही तिला काबाई म्हणायचो. तिच्या चिठ्ठीत थोडे तास आले. वडील बसचालक. बाहेरच्या बाकावर शेजारच्या बाईंकडून त्यांना कळलं, की त्या बाईंच्या मुलाला जास्त तास आहेत. झालं. तरातरा आत आले. “आमच्याच पोरीला कमी का? पट्ट्या महाग पडतात का तुम्हाला?” मॅडमनी नीट समजावलं. त्यांनी मान हलवली. मान हलवणं आणि पटणं यात किती अंतर असतं, हे आपण संसारी माणसं जाणतोच.

पुढे त्यांनी कार्यालयात सांगितलं, घर लांब आहे, सुट्टी मिळत नाही, पाकिटं एकदमच द्या. कार्यालयानं दिली. तेव्हा ते नियमात बसत होतं. आणि घरी त्यांनी काय करावं? पोरगी उठल्यापासून झोपेपर्यंत पट्टी. थोड्यानं गुण येतो तर जास्तीनं जास्त येईल. अति तिथे माती, हे दुसऱ्याला सांगायला सोपं असतं हो.

बऱ्याच दिवसांनी ती आली ती जोरात. आळशी डोळ्यानं तक्त्यावरची घरं, सफरचंदं, गोल, चौकोन धडाधड सांगत खालपर्यंत गेली. वडिलांनी तिथूनच बायकोला फोन लावला, “अगं, पोरीला दिसतंय.” मीही खूश. दारात मॅडम उभ्या होत्या. म्हणाल्या, “आता दुसरा.”

तो तर चांगलाच डोळा. वरची मोठी चित्रं तिनं सांगितली आणि थांबली. मी छडी खालच्या ओळीवर ठेवली. ती डोळा बारीक करून पुढे वाकली. वडिलांच्या हातातल्या फोनमधून आईचं ‘हॅलो, हॅलो’ ऐकू येत होतं. मग काबाईनं मला विचारलं, “मावशी, तू चित्रं पुसलीस का?”

सतत झाकून ठेवलेला चांगला डोळाच आळसावला होता. वडील मॅडमना म्हणाले, “एक दिलात आणि एक घेतलात.” माझ्या तोंडावर आलं होतं, की घेतला कुणी, तुम्हीच ना? मॅडमनी माझं मनगट असं धरलं, की नखं रुतली. त्यांना म्हणाल्या, “पट्टी आत्तापासून बंद. दर आठवड्याला तिला आणा. नजर परत यायला हवी. येईलच, असं मी आज म्हणणार नाही.”

पहिल्या खेपेला फरक नाही. पुढच्या खेपेलाही नाही. मॅडम डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. मी म्हटलं, “चूक बापाची, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?” तर माझ्यावरच उखडल्या. “बापानं माया केली. डोळा न बघता पाकिटं कुणी दिली? आपण.”

मग एका सकाळी एक ओळ जास्त आली. नंतर आणखी एक. शेवटची ओळ आली तेव्हा बाप भिंतीकडे तोंड करून उभा होता. मॅडम एवढंच म्हणाल्या, “पुन्हा तपास.” मी पुन्हा तपासलं. दिसत होतं.

तेव्हापासून आमच्याकडे एकच रीत आहे. मूल आलं की आधी चांगला डोळा तपासायचा. तो ठीक असेल तरच पाकीट द्यायचं, तेही पुढच्या खेपेपुरतंच. सूत्रसंचालकांनी मॅडमचे शोधनिबंध आणि पुरस्कार वाचून दाखवले, त्यात ही रीत नव्हती, म्हणून सांगितली. आवरा म्हणून त्यांची चिठ्ठीही मघाशीच मिळाली आहे. आवरते.

साहेब, तुमचा हेतू चांगला आहे. त्या बापाचाही होता. पहिल्या रांगेतल्या या प्रत्येक पट्टीखाली एकेक चांगला डोळा आहे, आणि टपालवाला तो तपासणार नाही. पाकिटांच्या कपाटाची किल्ली मॅडमनी आज दुपारी माझ्या हातात ठेवली. ती माझ्याजवळ आहे. एकही पाकीट टपालात पडणार नाही. पालकहो, आपापल्या तारखेला नेहमीसारखे या. खोलीला कुलूप दिसलं तर मी बाहेरच्या बाकाशेजारी भिंतीला तक्ता टांगून बसलेली असेन. कारवाई करायची असेल तर मी कुठे सापडेन, हे आता सगळ्या सभागृहाला ठाऊक आहे.

मॅडम, जाताना तुम्हाला रडू आणायचं नव्हतं. ते जमलेलं दिसत नाही. बोलायची संधी दिलीत, सर्वांनी ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर पोटात घाला. किल्लीबद्दल मात्र मी माफी मागत नाही.